जोसेफ रोटब्लाट : लॉस अलामॉस सोडून आलेला प्राध्यापक

ओसरी
३० ऑगस्ट, रात्री ९:४०

उद्या ३१ ऑगस्ट. २००५ साली याच दिवशी जोसेफ रोटब्लाट गेले, अणुबॉम्बचं काम मधेच सोडून आलेले भौतिकशास्त्रज्ञ.

मी टीवाय बीएस्सीला न्यूक्लिअर फिजिक्स शिकवायचे. ३१ वर्षं शिकवलं. युरेनियमचं विखंडन, म्हणजे अणुकेंद्र फुटणं, त्यातून सुटणारे दोन-तीन न्यूट्रॉन, साखळी प्रक्रिया, एवढं फळ्यावर झालं की खडू खाली ठेवायचे आणि तासाची उरलेली दहा मिनिटं या माणसाबद्दल बोलायचे. अभ्यासक्रमात ते नव्हतं, परीक्षेला येणार नव्हतं. पण ते सांगितल्याशिवाय धडा पुरा झाला असं मला कधी वाटलं नाही. आता वर्ग राहिला नाही, म्हणून इथे लिहिते.

जन्म वॉर्साचा, ४ नोव्हेंबर १९०८. ज्यू घर. वडिलांचा घोडागाड्यांनी मालवाहतूक करायचा धंदा होता, बरा चालायचा. पहिल्या महायुद्धात तो बुडाला. मग अशी ओढाताण झाली की तळघरात चोरून दारू गाळून घर चालवावं लागलं. जोसेफच्या वाट्याला नीट शाळा आलीच नाही. तो वायरमनचं काम शिकला. दिवसा विजेची कामं करायची आणि रात्री पोलंडच्या मुक्त विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायचं, असं करत १९३२ साली एमए झाला. हे मी वर्गात मुद्दाम सांगायचे. पहाटे दुधाचा रतीब घालून येणारी आणि रात्री एमआयडीसीत पाळी करून पहिल्या बाकावर डोळे ताणून बसणारी मुलं माझ्यासमोर असायची.

पुढे त्यांना लुडविक वेर्टेनस्टाईन हे गुरू लाभले. ते स्वतः मादाम क्यूरींचे विद्यार्थी. १९३९च्या सुरुवातीला विखंडनाची बातमी आली, तेव्हा रोटब्लाट यांनी वॉर्सातच, तुटपुंज्या साधनांवर प्रयोग करून दाखवलं की विखंडनात न्यूट्रॉन बाहेर पडतात. मग त्यांनी हिशोब मांडला. एकातून दोन, दोनातून चार, आणि हे सगळं सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आत! म्हणजे प्रचंड स्फोट. हा विचार मनातून झटकून टाकायचा आपण प्रयत्न केला, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय.

त्याच वर्षी ते लिव्हरपूलला जेम्स चॅडविक यांच्याकडे गेले. न्यूट्रॉनचा शोध लावणारे तेच हे चॅडविक. शिष्यवृत्ती एकट्याच्या पोटापुरती होती, त्यामुळे पत्नी टोला वॉर्सातच राहिली. चॅडविकनी काम पाहिलं आणि आणखी एक फेलोशिप दिली. आता दोघांचं भागणार होतं. १९३९च्या उन्हाळ्यात रोटब्लाट तिला आणायला गेले. नेमकं तिचं अपेंडिक्सचं दुखणं उद्भवलं, प्रवास करण्यासारखी तिची स्थिती नव्हती. दोन-चार दिवसांत बरी होऊन मागोमाग येईल असं ठरलं आणि ऑगस्टच्या अखेरीस ते एकटे परतले. १ सप्टेंबरला हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं.

डेन्मार्क, बेल्जियम, इटली, जिकडून जमेल तिकडून तिला बाहेर काढायची खटपट त्यांनी केली. एकेक वाट बंद होत गेली. टोला परत दिसली नाही. नाझींनी मारलेल्या लाखो ज्यूंमध्ये तीही गेली.

हिटलरच्या हाती अणुबॉम्ब पडला तर काय, या एका भीतीने ते बॉम्बच्या कामात उतरले. आपल्याकडेही असला तर तो वापरणार नाही, असं त्यांचं गणित. १९४४च्या सुरुवातीला ते चॅडविक यांच्या ब्रिटिश चमूबरोबर अमेरिकेत लॉस अलामॉसला, जिथे बॉम्ब बनत होता तिथे, पोचले आणि सुरुवातीला चॅडविक पतिपत्नींच्याच घरी राहिले. मार्च महिन्यात त्या घरी जेवायला जनरल ग्रोव्हज आले होते, अख्ख्या मॅनहॅटन प्रकल्पाचे, म्हणजे अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाचे, लष्करी प्रमुख. गप्पांच्या ओघात ते बोलून गेले, की या बॉम्बचा खरा उद्देश रशियनांना काबूत ठेवणं हा आहे. त्या वेळी रशिया दोस्त होता. रोज हजारो रशियन सैनिक जर्मनांशी लढताना मरत होते.

वर्ष सरता सरता आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. जर्मनीने बॉम्बचा नाद केव्हाच सोडला होता. ज्या कारणासाठी आलो ते कारणच उरलं नाही, मग इथे कशाला राहायचं? त्यांनी जायची परवानगी मागितली. त्यांनी लॉस अलामॉस सोडलं आणि १९४४च्या नाताळच्या आदल्या दिवशी ते बोटीने इंग्लंडला निघाले.

बहुतेक जण ही गोष्ट इथेच थांबवतात. मीही पहिली काही वर्षं इथेच थांबवायचे, घंटा व्हायची म्हणून. नंतर मात्र मला वाटायला लागलं की आपण अर्धीच गोष्ट सांगतोय. सोडून येणं एका दिवसाचं होतं. त्यानंतर ते ६० वर्षं जगले आणि जवळजवळ शेवटपर्यंत याच एका कामाला जुंपून राहिले. ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमाची बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली, त्यानंतरची ही ६० वर्षं. ती कोणी फारशी सांगत नाही. त्यांबद्दल बोलू या.

—

पाऊलखुणा
३० ऑगस्ट, रात्री १०:१५

ताई, सुंदर लिहिलंत. टोलाचा भाग वाचून मोबाइल बाजूला ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. नुसतं अपेंडिक्स. चार दिवसांचा फरक.

एक विचारते. इतक्या गुप्त जागेतून "मला जायचंय" म्हटलं आणि जाऊ दिलं, असं झालं का खरंच?

—

ओसरी
३० ऑगस्ट, रात्री १०:५०

नाही, तितकं सोपं नव्हतं ते. त्यांनी चॅडविकना सांगितल्यावर पुढे आलं ते असं, की गुप्तचर खात्याने रोटब्लाट यांच्यावर जाडजूड फाइल तयार ठेवली होती. हा माणूस रशियाचा हेर आहे, इंग्लंडला जाऊन तिथून विमानाने पोलंडमध्ये उतरणार आणि सगळी गुपितं देणार, असा आरोप. त्यातल्या कित्येक गोष्टी सरळसरळ खोट्या होत्या. दिलेल्या तारखांना ते कुठे होते हे त्यांनी दाखवून दिल्यावर फाइलीत काही दम उरला नाही. पण एक अट घातली गेली : का जातो आहेस ते इथे कोणाशी बोलायचं नाही. बायकोच्या काळजीने परत जातोय, एवढंच सहकाऱ्यांना सांगायचं. काळजी तर खरीच होती.

जाताना वॉशिंग्टनला चॅडविकनी त्यांची पेटी स्वतः हात लावून न्यूयॉर्कच्या गाडीत चढवून दिली. तीत संशोधनाच्या नोंदी, पत्रव्यवहार, सगळे कागद होते. काही तासांनी न्यूयॉर्कला उतरले तर पेटी गायब. ती कधीच मिळाली नाही.

ही सगळी हकीकत त्यांनी सविस्तर लिहिली ती १९८५ साली, म्हणजे ४० वर्षांनी. तोवर स्वतःच्या सोडून येण्याचं त्यांनी कुठे भांडवल केलं नाही. मला या माणसाबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो या गोष्टीमुळे.

—

किरणमापक
३१ ऑगस्ट, सकाळी ७:०५

ओसरीताई, मी मुंबईत रेडिओथेरपी विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे. आमच्या क्षेत्रात रोटब्लाट हे नाव वेगळ्या कारणाने घेतलं जातं, ते इथे लिहितो.

युद्धानंतर अणुकेंद्रकीय संशोधनात त्यांना हवं ते पद मिळालं असतं. लिव्हरपूलला त्या विभागाची सूत्रं त्यांच्याकडे होतीच. पण त्यांनी ठरवलं की आपलं भौतिकशास्त्र कुठे वापरलं जाईल ते यापुढे आपण ठरवायचं. म्हणून ते लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९५० ते १९७६, तब्बल २६ वर्षं. डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवणं हे त्यांचं रोजचं काम. ज्यांनी असं शिकवलंय त्यांना कळेल, त्यात मानमरातब नसतो.

संशोधन केलं ते किरणोत्साराचा जिवंत शरीरावर काय परिणाम होतो यावर. पॅट्रिशिया लिंडॉप या डॉक्टर सहकारी होत्या. हजारो उंदरांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून किरणांनी आयुष्य किती घटतं, प्रजननक्षमतेवर काय होतं, हे दोघांनी मोजलं. आमच्या विषयाच्या मुख्य नियतकालिकांपैकी एकाचे ते बरीच वर्षं संपादकही होते. आम्ही गाठीला पुरेसा आणि शेजारच्या निरोगी पेशींना सोसेल इतकाच डोस बसवतो, त्याच्या पायाशी त्या पिढीची ही चिकाटी आहे. ट्रीटमेंट प्लॅनवर सही करताना मला त्यांची आठवण होते, हे मी मनापासून सांगतोय.

एक छोटी दुरुस्तीवजा भर. नैतिक कारणाने प्रकल्प मधेच सोडणारे ते एकटे, असं सहसा लिहिलं जातं. पण विरोध करणारे इतरही होते, तेही विसरू नयेत. लीझ माइट्नर यांनी बॉम्बच्या कामात यायलाच नकार दिला. जेम्स फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून १९४५मध्ये अहवाल दिला की हा बॉम्ब जपानवर अचानक टाकू नका. लिओ झिलार्ड यांच्या जुलैच्या अर्जावर सुमारे ७० शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. ऐकलं गेलं नाही, पण ती माणसं बोलली.

—

ओसरी
३१ ऑगस्ट, सकाळी ८:२०

किरणमापक, ही भर फार मोलाची. माइट्नरबाईंचं नाव मीच घ्यायला हवं होतं. विखंडनाचा अर्थ ज्यांनी लावला त्या स्वतः मात्र बॉम्बपासून लांब राहिल्या.

किरणांच्या अभ्यासावरून १९५४चा प्रसंग सांगते. रोटब्लाट यांची दोन्ही आयुष्यं, प्राध्यापकाचं आणि चळवळीचं, इथे एकत्र येतात.

१ मार्च १९५४. अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. १५ मेगाटन, हिरोशिमाच्या हजारपट. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर एक जपानी मासेमारी बोट होती, २३ खलाशांची, 'लकी ड्रॅगन'. तिच्यावर पांढरी राख पडली. सगळे आजारी पडले आणि बोटीवरचे रेडिओ ऑपरेटर कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. सरकारचं म्हणणं होतं की हा बॉम्ब तसा 'स्वच्छ' आहे. रोटब्लाट यांना एका जपानी शास्त्रज्ञाकडून त्या राखेची मोजमापं मिळाली. त्यांनी आकडे तपासले आणि लक्षात आलं की नुसत्या संमीलनाने, म्हणजे हलकी अणुकेंद्रं एकत्र येण्याने, इतका किरणोत्सार होऊच शकत नाही. म्हणजे बॉम्ब तीन टप्प्यांचा होता. आधी विखंडन, मग संमीलन, आणि बाहेरच्या युरेनियमच्या कवचाचं पुन्हा विखंडन. सगळ्यात घाण होती ती या तिसऱ्या टप्प्यात. त्यांनी ते छापून टाकलं.

यात कुठली गुपितं फोडली नव्हती. दुसऱ्या देशातल्या माशांच्या बोटीवरची राख आणि एका शिक्षकाची पेन्सिल, एवढ्यावर हे झालं.

त्याच काळात बीबीसीच्या एका कार्यक्रमामुळे त्यांची आणि तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांची ओळख झाली. रसेल यांनी अण्वस्त्रांविरुद्धच्या जाहीरनाम्याचा मसुदा केला आणि आइनस्टाइनकडे सहीला पाठवला. आइनस्टाइन गेल्याची बातमी रसेलना विमानात कळली. आता सगळं मुसळ केरात असं वाटलं, आणि पॅरिसच्या हॉटेलात उतरले तर आइनस्टाइनची सही असलेलं पत्र त्यांची वाट पाहत होतं. ९ जुलै १९५५ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये तो जाहीरनामा वाचला गेला. ११ सह्या. पत्रकार तांत्रिक प्रश्न विचारतील म्हणून अध्यक्षस्थानी भौतिकशास्त्रज्ञ हवा, तर तिथे रोटब्लाट बसले. सही करणाऱ्यांत ते सर्वांत तरुण होते आणि पुढे शेवटपर्यंत उरले तेही तेच. त्या जाहीरनाम्यातलं वाक्य त्यांनी आयुष्यभर उराशी धरलं : माणुसकी लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरा.

—

मांडवीकाठ
३१ ऑगस्ट, सकाळी ११:३०

या सगळ्यात आपल्याकडची दोन नावं जोडतो.

पहिलं नेहरूंचं. त्या बिकिनी चाचणीनंतर महिन्याभरात, २ एप्रिल १९५४ला, त्यांनी लोकसभेत चाचण्या आहेत तिथेच थांबवण्याचा करार करा अशी मागणी केली. इतक्या स्पष्टपणे जगापुढे हे मांडणारे ते पहिल्या काहींपैकी. आणि जाहीरनाम्यानंतरची शास्त्रज्ञांची पहिली परिषद भारतात घ्यायचं घाटत होतं. सुएझचा पेचप्रसंग उद्भवला आणि ते राहून गेलं. मग सायरस ईटन या उद्योगपतींनी कॅनडातल्या आपल्या गावी जागा देऊ केली. गावाचं नाव पग्वॉश, म्हणून चळवळीचं नावही पग्वॉश. नाहीतर आज जगभर दिल्लीच्या नावाने ही चळवळ ओळखली गेली असती.

दुसरं नाव आमच्या गोव्याच्या मातीतलं. दामोदर धर्मानंद कोसंबी. गणितज्ञ, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक, जागतिक शांतता चळवळीत उघडपणे काम करणारे. पुण्याहून डेक्कन क्वीनने रोज मुंबईला जायचे. अणुऊर्जेचा सगळीकडे जयजयकार चालू असताना हा माणूस सांगत होता की आपल्या देशात ऊन भरपूर आहे, सौरऊर्जेवर पैसा आणि डोकं लावा. १९६२ला संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. चार वर्षांनी, अवघ्या ५८व्या वर्षी ते गेले. त्यांना इतिहासकार म्हणून मराठी वाचक ओळखतो. शांततेसाठी झटणारे कोसंबी मात्र फारसे कोणाला माहीत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

—

घाटपायथा
३१ ऑगस्ट, दुपारी १:१०

माणूस मोठा होता यात वाद नाही. ताई, तुमचं लेखन मनाला भिडलं. तरी एक वेगळं मत मांडतो, राग नसावा.

मी २२ वर्षं फौजेत होतो. उत्तर सीमेवरही होतो. १९६२ झालं, आणि ऑक्टोबर १९६४मध्ये चीनने लोप नोरला बॉम्ब फोडला. शेजारी असा असताना दुसऱ्याच्या सद्बुद्धीवर देश सोडता येत नाही. १९९८च्या मे महिन्यात पोखरणची बातमी आली तेव्हा आमच्या युनिटमध्ये डोळ्यांत पाणी आलं होतं, ते अभिमानाचं होतं. इंग्लंडमध्ये बसून निःशस्त्रीकरणाचं बोलणाऱ्यांच्या डोक्यावर अमेरिकेची छत्री होती. आमच्या डोक्यावर कोणाची होती?

—

पाऊलखुणा
३१ ऑगस्ट, दुपारी १:४५

घाटपायथा काका, तुमचा प्रश्न खरा आहे. पण ज्यांच्या डोक्यावर ती छत्री होती, त्यांच्याच सरकारशी रोटब्लाट भांडत होते ना? ते काही आपल्याला उपदेश करायला आले नव्हते.

—

ओसरी
३१ ऑगस्ट, दुपारी ४:००

घाटपायथा, राग कसला. तुम्ही तिथे उभे राहिलात म्हणून आम्ही वर्गात निवांत शिकवू शकलो, हे मी विसरत नाही.

तुमच्या प्रश्नाला मला जे सुचतं ते सांगते. "आपल्याकडे असेल तर समोरचा वापरणार नाही" हाच विचार करून रोटब्लाट स्वतः बॉम्बच्या कामात शिरले होते. धाकाचं तत्त्व त्यांनी बाहेरून नाही, आतून तपासलं. नंतर त्यांनी कबूल केलं की आपलं चुकलं : हिटलरसारखा माणूस बंकरमध्ये शेवटच्या घटका मोजत असता आणि त्याच्या हाती बॉम्ब असता, तर तो लंडनवर टाकायचाच हुकूम त्याने दिला असता. समोरचा शहाणा असेल तोवरच धाक चालतो. तो नेहमी शहाणा असेल याची हमी सैन्यातला कोणताही जाणकार देणार नाही, असं मला वाटतं.

आणि पग्वॉश म्हणजे नुसता सद्बुद्धीचा जप नव्हता. जुलै १९५७ला पहिल्या बैठकीला १० देशांचे २२ शास्त्रज्ञ होते. अमेरिकन आणि रशियन एका टेबलाशी, जपानचे युकावा, तोमोनागा, आणि एक चिनीसुद्धा. नियम असा की प्रत्येक जण स्वतःपुरता येणार, सरकारचा प्रतिनिधी म्हणून नाही. बोललेलं बाहेर छापायचं नाही. त्यामुळे माणूस "आमच्या सरकारचं हे चुकतंय" असंही म्हणू शकायचा. मग घरी जाऊन तोच माणूस सरकारच्या कानावर घालायचा. भूमिगत स्फोट भूकंपमापकाने ओळखता येतात का, दुसऱ्याच्या देशात न जाता पडताळणी कशी करायची, अशा कोरड्या तांत्रिक चर्चा. त्यांतून १९६३चा अंशतः चाचणीबंदीचा करार, पुढे १९७२चे जैविक अस्त्रांचा आणि क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांचा, या करारांची जमीन तयार झाली. रोटब्लाट १९५७ ते १९७३ या चळवळीचे सरचिटणीस होते. प्राध्यापकी सांभाळून पत्रं लिहिणं, तिकिटं, व्हिसा, रुसवेफुगवे काढणं, सगळं करत.

१९६४च्या जानेवारी-फेब्रुवारीत एक परिषद आपल्याकडे उदयपूरलाही झाली. लोप नोर त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी. तुमची वेदना त्यामुळे कमी होत नाही, मान्य. पण पोखरणनंतरही भारताने 'आम्ही आधी वापरणार नाही' असंच धोरण ठेवलं, आणि १९८८ला राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत टप्प्याटप्प्याने संपूर्ण निःशस्त्रीकरणाचा आराखडा मांडला होता. या दोन्ही गोष्टी मला या माणसाच्या विचारापासून फार लांबच्या वाटत नाहीत.

—

घाटपायथा
३१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

ताई, 'आधी वापरणार नाही' हे मलाही पटतं. एकट्या आपण टाकून द्यायचं, हे पटत नाही. पण हुकूम देणाऱ्याच्या मनःस्थितीबद्दल तुम्ही लिहिलंत ते विचार करण्यासारखं आहे. फौजेत आम्हाला नेमका हाच प्रश्न शिकवतात, लहान हत्यारांबाबत. संत्रीची मनःस्थिती बिघडली असेल तर आधी त्याची रायफल काढून घ्या.

—

तळ्याकाठी
३१ ऑगस्ट, रात्री ८:१० (लंडन)

मी १८ वर्षं लंडनमध्ये आहे. ब्रिटिश म्युझियम बघायला आलेल्या प्रत्येक मराठी पाहुण्याला मी समोरच्या ग्रेट रसेल रस्त्यावरचं ते दार दाखवते. पग्वॉशचं कार्यालय तिथे होतं. खाली दुकानं, वर जिना चढून अगदी लहानसं ऑफिस. पाहुणे म्युझियमचे खांब बघत असतात, त्यांना वाटतं ही काय दाखवतेय.

१९९५ला ऑक्टोबरमध्ये नोबेल जाहीर झालं. अर्धं त्यांना, अर्धं पग्वॉशला. हिरोशिमाला ५० वर्षं झाली होती, आणि फ्रान्सने त्याच वर्षी पॅसिफिकमध्ये पुन्हा चाचण्या सुरू केल्या होत्या. रोटब्लाट तेव्हा ८६ वर्षांचे. रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं तेही १९९५मध्येच! वयाच्या ८६व्या वर्षी! इतकं कसदार काम असताना इतका उशीर का, हा प्रश्न मला अजून छळतो.

ओस्लोच्या नोबेल भाषणात त्यांनी सुचवलं की डॉक्टर जशी शपथ घेतात तशी शास्त्रज्ञांनीही घ्यावी. माझा मुलगा इथे इंजिनिअरिंग शिकतोय. मागच्या वर्षी ड्रोनच्या एका कंपनीची इंटर्नशिप चालून आली होती तेव्हा आम्ही दोघांनी ते भाषण स्वयंपाकघरात बसून वाचलं. त्याने काय ठरवलं ते त्याचं त्याच्यापाशी राहू दे. पण तीन तास बोललो आम्ही.

—

नवशिका_२१
३१ ऑगस्ट, रात्री ९:००

मी एमएस्सी फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे, नांदेडला. हा सगळा धागा एका बैठकीत वाचला. आम्हाला चेन रिअॅक्शन शिकवली, ही माणसं नाही शिकवली.

मॅडम, दोन प्रश्न. जर्मनीकडे बॉम्ब नाही हे कळल्यावर बाकीचे का नाही निघाले? तेही हुशारच होते की. आणि पुढे जाऊन आम्हाला नोकरी मिळणार ती अशाच कुठल्यातरी प्रयोगशाळेत. घरी भाऊ-बहीण शिकतात. "सोडून द्या" म्हणणं मला तरी झेपणार नाही असं वाटतं. मग आम्ही काय करायचं?

—

किरणमापक
३१ ऑगस्ट, रात्री ९:४०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर रोटब्लाट यांनीच त्या १९८५च्या लेखात दिलंय. सर्वांत जास्त लोक राहिले ते निव्वळ कुतूहलापोटी : आपलं गणित बरोबर येतं का ते बघायचं, वाद नंतर घालू. काहींना वाटलं जपानशी युद्ध लवकर संपेल, आपले सैनिक वाचतील. आणि काहींना भीती होती की सोडलं तर पुढे नोकरी मिळणार नाही. 

कुतूहलाचं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो. नवं यंत्र आलं की रात्री दहापर्यंत थांबून किरणांच्या झोताचा आलेख काढत बसतो, भूक लागत नाही. चांगल्या कामातही ती ओढ तशीच असते. म्हणून ती ओळखायला शिकावं लागतं.

—

ओसरी
३१ ऑगस्ट, रात्री १०:३०

नवशिका, बाळा, तुझा दुसरा प्रश्न माझ्या वर्गातही एका मुलाने विचारला होता. त्याचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं आणि ते मला बरीच वर्षं बोचत राहिलं.

आज असं सांगेन. रोटब्लाट यांनी लॉस अलामॉस सोडलं ते खरं, पण भौतिकशास्त्र सोडलं नाही. पगारही सोडला नाही, मास्तरकीच केली. १९४७-४८ला ब्रिटिश अणुशास्त्रज्ञांच्या संघातर्फे त्यांनी एक आगगाडी काढली होती, 'अॅटम ट्रेन'. रेल्वेच्या डब्यांत प्रदर्शन, अणू म्हणजे काय, त्याचं चांगलं काय, वाईट काय, हे गावोगावच्या लोकांना समजावून सांगायचं. त्यांच्या हातून झालेल्या कामाचा मोठा भाग असाच आहे. आकडे तपासणं, लोकांना कळेल असं सांगणं, शत्रू समजल्या गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं. तू विषय पक्का शिक. कोणी 'हे स्वच्छ आहे' म्हणालं तर राखेची मोजमापं मागण्याइतकं तुला यायला हवं. नोकरी करत करत हे जमतं, आणि भाऊ-बहिणीच्या फियाही भरता येतात.

आणि टोलाबद्दल, कारण पाऊलखुणा पहिल्याच प्रतिसादात तिथे थांबल्या होत्या. रोटब्लाट यांनी पुन्हा लग्न केलं नाही. आई आणि भावंडं मात्र पोलंडमधून जिवंत वाचली, पुढे त्यांनी त्यांना इंग्लंडला आणलं. ते ओस्लोला नोबेल घ्यायला गेले तेव्हा टोलाला गमावून ५० वर्षांहून जास्त काळ लोटला होता. वर्गात मी हा भाग नेहमी शेवटी सांगायचे, कारण त्यानंतर मला दुसरं काही बोलता यायचं नाही.

—

नवशिका_२१
३१ ऑगस्ट, रात्री १०:५५

थँक यू मॅडम. ते ओस्लोचं भाषण मराठीत आहे का कुठे? माझ्या रूममेट्सना इंग्रजी जड जातं.

—

तळ्याकाठी
३१ ऑगस्ट, रात्री ११:२०

माझ्या तरी पाहण्यात नाही. ओसरीताई, तुम्ही घ्या ना करायला. निम्मं मी करते.

—

ओसरी
१ सप्टेंबर, सकाळी ६:५०

घेते. आज सकाळीच बसले. पहिले तीन परिच्छेद झालेत, 'डिटेरन्स'ला 'धाक' म्हणावं की 'प्रतिरोधन' यावर अडले आहे. मला 'धाक'च बरा वाटतो. घाटपायथा, तुम्ही फौजेतले, तुमचं मत सांगा. शपथेपासूनचा भाग तळ्याकाठी तुमच्याकडे. किरणमापक, तांत्रिक शब्द तुम्ही बघाल का? रविवारी पहिला भाग इथेच टाकते.

—

घाटपायथा
१ सप्टेंबर, सकाळी ७:१५

धाक.